जीपचं सील

मला वाचायला शाळेनं शिकवलं नाही, पत्रकांनी शिकवलं. मिरजेतल्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे कॉटखाली असत, फळीवर असत, तांदळाच्या डब्यावर असत. वाटून उरलेली पत्रकं मग घरकामाला लागत. भडंग खायचं ते पत्रकावर, डब्यांखाली घालायचं ते पत्रक, आणि भाकरीची दुरडी झाकायची तीही पत्रकानंच. गरम भाकरीची वाफ लागून शाई सुटायची आणि वरच्या भाकरीवर उलटी अक्षरं उमटायची. 'कामगार बंधू-भगिनींनो' ही ओळ मी कितीतरी वेळा खर्ड्याबरोबर खाल्ली आहे. ही पत्रकं लिहायचे माझे वडील, अण्णा. सूतगिरणी बंद पडल्यापासून त्यांना नोकरी नव्हती, पण काम भरपूर होतं. मिरज-कुपवाडच्या कारखान्यांत कुणाला काढलं, कुणाची हजेरी खाल्ली, की तो माणूस आमच्या दारात यायचा आणि अण्णा पालथी मांडी घालून लिहायला बसायचे. खाली सही ठरलेली: 'आपला, एक कामगार'. नाव कधीच नाही. "नाव टाकलं की माणूस मोठा हुतो नि लढा बारीक हुतो," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. ते पान मी पुढं फाडलं.

घर चालायचं मात्र आईच्या हातांवर. कारखान्यांत आणि गोदामांत माल हलवायला हँडपॅलेट असतो. पुढं दोन लांब लोखंडी जिभा, मागं दांडा. जिभा मालाच्या लाकडी फळीखाली सारायच्या, दांडा वरखाली हाणायचा, की आतल्या पंपात तेल दाबलं जातं आणि दीड-दोन टन माल वीतभर उचलला जातो. मग एक माणूस तो ओढत नेतो. मुठीजवळची खिट्टी दाबली की तेल मागं फिरतं आणि माल सुस्स करत खाली बसतो. हा सगळा खेळ पंपातल्या दोन-चार रबरी सिलांवर चालतो. सील झिजलं की तेल गळतं आणि हँडपॅलेट दमेकऱ्यासारखा वागतो. ही सिलं बदलण्याचं काम आई करायची. तिचा भाऊ, पलूसचा मामा, मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये होता. निवृत्तीनंतर त्यानं हे काम सुरू केलं, आईला शिकवलं, आणि गुडघे गेल्यावर सगळा पाना-पक्कडीचा संसार तिच्या हवाली केला. शेजारी तंबोरे करणारं घर होतं. तिकडून दिवसभर एकच तार लावत असल्याचा आवाज यायचा आणि इकडून आईच्या पंपाचं सुस्स. ते सुस्स ऐकून आई सांगायची, "घसा धरलाय ह्याचा. पुन्ना खोला."

आईची एक रीत होती. नवीन सील आलं, मग ते कुठल्याही दुकानातून येवो, ती लगेच बसवायची नाही. स्टीलच्या वाटीत हायड्रॉलिकचं तेल घ्यायची, त्यात एक सील टाकायची आणि वाटी भिंतीतल्या देवळीत झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी ते बाहेर काढून एका लोखंडी नळीच्या तुकड्यात घालून बघायची. सहज गेलं तर चांगलं. अडलं तर फेकायचं. कारण रबर दिसायला सगळं काळंच, पण जीपच्या ब्रेकचं रबर ब्रेकच्या तेलासाठी केलेलं असतं. ते हायड्रॉलिकच्या तेलात पडलं की पीत सुटतं आणि फुगतं. "हरबरं भिजत घातल्यागत," आई म्हणायची. मामानं तिला शिकवलेली ही एवढी एकच गोष्ट ती देवाच्या दिव्याइतकी पाळायची. अण्णा तिला चिडवायचे. "काय वैद्यीनबाई, आज कुणाची नाडी बघितली?" आई म्हणायची, "तुमी पत्रक लिवताना म्हाईती काढता का न्हाई? तसंच हाय हे."

आणि एक शब्द होता, ज्याच्यावर माझा आजही राग आहे. चालतंय. आमच्या भागात या एका शब्दावर सगळं निभावतं. यंत्र चालू आहे, तरी चालतंय. यंत्र मोडलंय पण दिवस ढकलता येईल, तरी चालतंय. लोक म्हणतात, काय दिलदार बोली आहे! बोली दिलदार आहेच. पण या शब्दाच्या आडोशाला किती जणांनी आपापलं काम टाळलं, त्याचा कुणी हिशेब मांडत नाही. आजकाल मोबाइलवर जुगाडाचे व्हिडिओ फिरतात, बांबूला चाक लावलं, पंख्याला दोरी बांधली, आणि खाली लोक टाळ्या वाजवतात. मला माझे मित्र असले व्हिडिओ पाठवतात तेव्हा मी त्यांच्याशी भांडते. मी चाळिशीही गाठलेली नाही आणि आठवणी लिहायला बसले म्हणून ते मला हसतात. हसू देत. त्यांनी पद्माक्काचा पाय पाहिलेला नाही.

पद्माक्का आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. जैनांची, मूळची शेतकऱ्याघरची, नवरा गेल्यावर कुपवाडच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागलेली. खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, थप्प्या मोजून घ्यायच्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ती कामावरून सुटली की जवळजवळ पळत घरी यायची. आमच्या दारावरून जाताना ओरडायची, "वैनी, सूर्य कुठवर आला गं?" आणि आई पंपातून डोकं न काढता सांगायची, "पळ, पळ, अजून दोन घास हायत." मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती मला म्हणायची, "सुमे, तू लिवतीस म्हणं अण्णांसारखं. माझ्यावर लिव की एकदा." मी म्हणायचे, तुझ्यावर काय अन्याय झालाय? ती म्हणायची, "न्हाई झाला तर आनंदाचं लिव. का तुमच्याकडं तसलं छापत न्हाईत?"

त्या कोल्ड स्टोरेजचा हँडपॅलेट आमच्याकडेच यायचा. एकदा तो आला तेव्हा आई पलूसला निघाली होती, मामी आजारी होती म्हणून. आईनं जाता जाता पंप खोलून पाहिला, सील गेलं होतं. त्या मापाचं सील मिळायचं ते कराडजवळ मलकापूरच्या एका दुकानात. आई पिशवी काखेत मारून अण्णांना म्हणाली, "आवं, उद्या सकाळच्या येष्टीनं मलकापूरला जावा. सील आणा, रातभर भिजवा, मग बसवा. बसवायचं तुमाला जमतंय, बघितलंय मी. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, मी आल्यावर करीन." अण्णा म्हणाले, "जातो की."

ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका कारखान्याच्या गेटवर सभा होती आणि तिचं पत्रक व्हायचं होतं. विषय होता कामगारांची सुरक्षितता. मी हे रंगवून सांगत नाही, खरोखर तोच विषय होता. मी कॉटवर बसून त्या पत्रकाचं शुद्धलेखन तपासत होते. कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरचा फोन तीनदा आला. चौथ्यांदा अण्णा उठले, कोपऱ्यावरच्या जीपच्या स्पेअरच्या दुकानात गेले आणि ब्रेकचं सील घेऊन आले. माप बरोबर होतं. मी मान वर करून विचारलं, "भिजवायचं नाही का?" अण्णा म्हणाले, "चार दिवस चालतंय गं. आई आली की बदलंल." आणि मी मान खाली घालून 'सुरक्षितता'मधली वेलांटी दुरुस्त केली. टेम्पोवाला हँडपॅलेट न्यायला आला तेव्हा अण्णांनी माझ्यासमोर मॅनेजरला फोन केला. "जीपचं सील हाय आत. चार दिवस हलका माल उचला, मग पाठवून द्या." पलीकडून काय उत्तर आलं ते फोनबाहेर ऐकू आलं. चालतंय की अण्णा!

चार दिवसांनी कुणी हँडपॅलेट पाठवला नाही, आणि अण्णांनीही मागितला नाही. आई परत आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "झालं ते काम." मी तिथंच होते. मीही काही बोलले नाही.

पुढच्याच आठवड्यात झालं. सील फुगून पंपात घट्ट बसलं होतं. दीड टन बेदाणा उचललेला आणि खिट्टी दाबली तरी माल खाली येईना. मॅनेजर आला आणि दोन हमालांना म्हणाला, वर चढा नि दाबा. ते दोघं खोक्यांवर चढले. पद्माक्का बाजूला वाकून खालचं घसरलेलं खोकं सरळ करत होती. अडकलेलं सील एकदम सुटलं. माल सुस्स करत खाली बसला नाही, धाडकन पडला. पडताना फळी बाजूला सरकली आणि पद्माक्काच्या डाव्या पायाची बोटं कडेखाली सापडली.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, बाहेरगावचे लोक रेल्वेनं येऊन इथं बरे होऊन जातात. पद्माक्का आमच्याच गल्लीतून तिथं आली होती. जेवणाचं ताट आलं तेव्हा दिवस मावळला होता. तिनं ते परत पाठवलं. मला म्हणाली, "तीन बोटं काढली गं. जाऊ दे, दोन ऱ्हायलीत, चप्पल अडकंल." मग म्हणाली, "मॅनेजर आलता. कागदावर सही घेतली. माझ्या हलगर्जीपणानं पाय आत गेला, असं हाय त्यात. म्हटला, सही कर, मग दवाखान्याचं बघतो. अजून म्हटला, हलगर्जी माणसाला पुन्ना कामावर घेता येत न्हाई." मी म्हणाले, तू पाय आत घातला नव्हतास. तिनं चादर सारून पायाकडं पाहिलं. "न्हवता घातला, असं वाटतंय. पण सुमे, आता मलाच खात्री वाटंना. घातला बी असंल."

बोटं गेल्याचं मला तेव्हा जितकं लागलं नाही तितकं हे वाक्य लागलं. पाय तिचा आणि चूकही तिचीच! एका सहीच्या कागदानं एका शहाण्या बाईला स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हँडपॅलेट टेम्पोत घालून आमच्या दारात आला. दुरुस्तीला! बाई अजून दवाखान्यात, तिच्या पायाचं रक्त फळीला सुकलेलं, आणि यांना गाडी भरायची घाई. सोबत मॅनेजरचा निरोप होता: लगेच करा. आईनं पंप खोलला. सील निघेना. तिनं लाकडी दट्ट्या लावून ठोकून काढलं. ते बाहेर आलं ते मऊ, सुजलेलं, कडा बाहेर वळलेल्या. आईनं ते नाकाशी धरलं, मग नळीच्या तुकड्यावर ठेवलं. ते तोंडावरच अडलं.

"हे माझं न्हवं," ती म्हणाली.

अण्णा कॉटवर पालथ्या मांडीवर पत्रक लिहीत होते. पद्माक्कावरचंच. पेन थांबलं.  आईनं मागं वळून त्यांच्याकडं पाहिलं नाही. "आवं," ती पंपाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मलकापूरला गेलता न्हवं?"

मी उठून अण्णांच्या हातातलं पत्रक घेतलं. दोन पानं होती. त्यात नफेखोरी होती, मुजोर मालकशाही होती, रक्ताला चटावलेली व्यवस्था होती. सील नव्हतं. एका ओळीतसुद्धा नव्हतं. मी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, यात सील कुठं आहे?

अण्णा म्हणाले, "सुमे, नीट समजून घे. आपलं नाव पुढं आलं की मॅनेजर सुटला. सगळं आपल्यावर ढकलंल. लढा मोठा हाय."

"लढा मोठा आणि पाय बारीक?"

"तसं न्हवं गं."

"मग कसं? पद्माक्काची चूक नव्हती याचा अख्ख्या मिरजेत एकच पुरावा आहे. तो आईच्या हातात आहे. तुम्ही तो लपवणार आणि वर तिच्यासाठी पत्रक काढणार?" मी खूप बोलले. आपल्याच बापाला कधी म्हणू नये ते म्हणाले. त्यांना खोटारडे म्हणाले. त्यांच्या प्रत्येक पत्रकातली शिवी उचलून त्यांनाच दिली, मला पाठ होत्या सगळ्या.  आई शेवटी एवढंच म्हणाली, "बास. तू बी हुतीस घरात." मी ते पत्रक कॉटवर परत ठेवलं.

आईनं त्या रात्री देवळीतून वाटी काढली, तेल घातलं, आणि त्यात दोन सिलं टाकली: एक मलकापूरचं, तिनं स्वतः एसटीनं जाऊन आणलेलं, आणि एक जीपच्या दुकानातून मला पाठवून आणवलेलं. वाटी तिनं देवळीत न ठेवता अण्णांच्या कॉटशेजारी ठेवली. पद्माक्काचे टाके निघेपर्यंत वाटी तिथंच राहिली. अण्णा चहा प्यायचे त्या वाटीकडं बघत. हँडपॅलेट अंगणात उभा होता. कोल्ड स्टोरेजवरून फोनावर फोन येत होते. आईनं एकदाच उचलला आणि सांगितलं, "मीच घिऊन येणार हाय."

मी कागद लिहिला. पत्रक नव्हे, साधा कागद. 'हँडपॅलेटच्या पंपात जीपच्या ब्रेकचे सील चुकून बसवले गेले. ते फुगून अडकले. त्यामुळे माल एकाएकी खाली आला. पद्मावतीबाईंचा यात काहीही दोष नाही.' चार वाक्यं. मला माझा फार अभिमान वाटला होता. इतकी तत्त्वाची पोरगी, बापाला सोडलं नाही! पण नीट बघा, मी त्याला सोडलं होतं. 'चुकून' हा एक शब्द मी घातला होता. घालताना मला माहीत होतं.

टाके निघाल्यावर एका दुपारी हँडपॅलेट टेम्पोत घालून आम्ही तिघं मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. खिडकीबाहेर चिठ्ठ्या लावणाऱ्या बायका कामाचं निमित्त करून उभ्या राहिल्या. आईनं टेबलावर वाटी ठेवली, तेलातून दोन्ही सिलं काढली, नळीचा तुकडा मांडला. एक सील गेलं. दुसरं गेलं नाही. तिनं ते अंगठ्यानं दाबलं, दाबता दाबता तिचं बोट पांढरं पडलं, तरी गेलं नाही.

मॅनेजर हसला. "काय वैनी, जादूचे प्रयोग का?" मी कागद पुढं केला. त्यानं वाचला आणि खुर्चीत मागं टेकला. "चुकून. बरोबर हाय की. चूक कुणाकडनं बी हुती. अण्णांकडनं झाली, त्या बाईकडनं बी झाली. चुका समद्यांच्याच. आता ते उगाळून काय उपयोग?"

माझा शब्द होता तो. त्यानं माझ्याच शब्दाची पळवाट केली होती.

तेव्हा अण्णा पुढं झाले. मॅनेजरच्या टेबलावरचं पेन त्यांनी उचललं. कागद स्वतःकडं फिरवला, आणि जसं ते लहानपणी माझं शुद्धलेखन तपासायचे तसं, सावकाश, 'चुकून' या शब्दावर एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं: 'माहीत असताना'. मग खाली आणखी एक ओळ: 'मी हे मॅनेजरांना फोनवर सांगितले होते. तेही चालतंय म्हणाले.' आणि त्याखाली त्यांनी सही केली. 'एक कामगार' नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव मिरज. त्यांचं पूर्ण नाव त्यांच्या हातचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अण्णा, हे कशाला?" मॅनेजरचा आवाज उतरला होता. "तुमालाच जड जाईल हे."

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "चूक न्हवती ही. चूक ती, जी कळत न्हाई. आपल्या दोघास्नी कळत हुतं."

खिडकीबाहेरून एक बाई म्हणाली, "आणि वर चढा कुणी म्हटलं, ते बी लिवा." दुसरी म्हणाली, "आमी समद्या सही देतो." मॅनेजरनं खिडकी लावायला हात पुढं केला. तिच्या चौकटीवर चार हात होते. ती लागली नाही.

पद्माक्काचा सहीचा कागद त्या दिवशी मॅनेजरला ड्रॉवरमधून काढून परत द्यावा लागला. मालकापर्यंत गोष्ट गेली, बऱ्याच खेपा झाल्या, मॅनेजर शेवटपर्यंत माफी मागायला आला नाही. पण पद्माक्का परत कामावर गेली. बसून करायच्या कामावर, वजनकाट्याजवळ. आमच्याकडची कामं मात्र वर्षभर आटली. सील फुगलं म्हणून कुपवाडमध्ये लोक आमच्या घराला 'फुग्यांचं घर' म्हणू लागले. अण्णांना गेटवरच्या सभेत एकानं विचारलं, "काय अण्णा, सुरक्षिततेवर बोलताय का सिलावर?" ते खाली बसले आणि बरेच दिवस कुठं बोलले नाहीत. मला वाईट वाटलं का? वाटलं. माझा राग गेला का? नाही. अजून नाही. प्रेम आणि राग एकाच दुरडीत राहतात, मला त्याची सवय आहे.

पद्माक्काला मी तो कागद वाचून दाखवला होता. ती खोडलेल्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय खोडलंय?" मी सांगितलं. ती पायाकडं बघत म्हणाली, "म्हंजी मी पाय आत न्हवता घातला." मी म्हणाले, नव्हता. "मला वाटतच हुतं," ती म्हणाली आणि मग उठून, भिंत धरून, दारापर्यंत चालून सूर्य कुठवर आलाय ते बघून आली.

त्यानंतर आईनं वाटी परत देवळीत ठेवली, पण सकाळी सील काढून नळीत घालून बघायचं काम अण्णांना दिलं. ते काम ते अजून करतात. नजर अधू झाली आहे, पण दात घासायच्या आधी ते देवळीशी उभे असतात. परवा नवीन मालातलं, रात्रभर भिजलेलं एक सील घेऊन मी त्यांच्यामागं उभी होते. घाई होती, टेम्पो दारात होता. मी विचारलं, "अण्णा, चालतंय का?"

त्यांनी सील उजेडाला धरलं, नळीच्या तोंडावर ठेवलं आणि बोटानं हलकेच ढकललं.

"थांब," ते म्हणाले. "बघून सांगतो."